साम तुंग उकची खोटी परवानगी

हाँगकाँगला शूटिंगसाठी जाणाऱ्या छोट्या युनिटनी हे वाचावं म्हणून लिहितोय. आमचे पंधरा हजार हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे दीड लाखाहून जास्त रुपये, आणि तेही तिघांनी मिळून साठवलेले.

एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरांवर आम्ही एक माहितीपट करतोय. माझं लहानपण वाईच्या वाड्यात गेलं, त्यामुळे हाँगकाँगच्या त्सुएन वान भागातल्या साम तुंग उकचे फोटो पाहिले तेव्हाच ठरवलं की इथे जायचं. हक्का या चिनी समाजातल्या चान नावाच्या घराण्यानं 1786 मध्ये वसवलेलं हे भिंतींच्या आतलं गाव. नावाचा अर्थ तीन तुळयांचं घर. मधोमध एकामागे एक तीन दालनं, सगळ्यात मागे पूर्वजांचं देवघर म्हणावं असं दालन, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या ओळी आणि मध्ये आकाशाला उघडे चौक. 1980 मध्ये शेवटचे रहिवासी बाहेर पडले, पुढच्या वर्षी वास्तूला संरक्षण मिळालं आणि डागडुजी होऊन 1987 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं.

माहितीपटवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका स्थानिक फिक्सरचा, म्हणजे शूटिंगची सोय आणि परवानग्या बघणाऱ्या माणसाचा, नंबर दिला. माणूस बोलायला अतिशय अदबशीर. म्हणाला, घर चान मंडळींचं, त्यामुळे परवानगी घराण्यातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्यावी लागते, ती मी आणतो. मला हे लगेच पटलं. आपल्याकडे वाड्यात कॅमेरा लावायचा तर आपण मालकांच्या घरी जातो, चहा घेतो, काकांना विचारतो. तिथेही तसंच असणार असं मी धरून चाललो आणि नेमकं इथेच चुकलो. त्या खऱ्या घराण्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

आठवड्याभरात पत्र आलं. चिनी मजकूर, खाली इंग्रजी, लाल शिक्का. पैसे एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर मागितले होते. तिथे आपल्या यूपीआयसारखी एफपीएस नावाची सोय आहे, मोबाइल नंबरवर क्षणात पैसे जातात. हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या आमच्या मित्रानं आमच्यातर्फे अर्धी रक्कम पाठवली.

पोचल्यावर फिक्सरनं आम्हाला रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, नेलं. दारातून सरळ आत शिरला, शेतीची अवजारं दाखवली, कुठला चौक किती वाजता उजळतो ते सांगितलं. आम्हाला वाटलं, याची इथे ओळख आहे. खरं तर संग्रहालयाला तिकीटच नाही. कुणीही आत जाऊ शकतं, तसा तोही गेला होता. एकाही कर्मचाऱ्याशी तो बोलला नाही, हे मला आता आठवतं. बाहेर येऊन उरलेली रक्कम त्यानं रोख घेतली.

शूटिंगला त्यानं मंगळवार दिला. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून दिवसभर सगळी जागा तुमचीच, असं म्हणाला. कुठल्याही कॅमेरामनला हे ऐकून आनंदच होईल. सकाळी आठला तिघं दोन ट्रायपॉड आणि साउंडची पेटी घेऊन बंद दारासमोर उभे होतो. साडेअकरापर्यंत थांबलो. त्याचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हळू आवाजात सांगितलं की ही वास्तू सरकारच्या लेझर अँड कल्चरल सर्व्हिसेस (विरंगुळा आणि सांस्कृतिक सेवा) खात्याकडे आहे, चित्रीकरणाचा अर्ज त्यांच्याकडेच करायचा असतो, आणि आमच्या नावाचा अर्जच आलेला नाही. शिक्का कुणाचा ते त्यांनाही कळेना.

तेव्हा मध्ये कुणी कितीही गोड बोललं तरी आधी थेट संग्रहालयाला लिहा आणि तुमच्या नावाचा अर्ज पोचलाय का ते विचारा. लोकेशनसाठी मदत करणारं तिथल्या सरकारचं फिल्म सर्व्हिसेस ऑफिसही आहे. समोरच्याचा नंबर किंवा खातं हाँगकाँग पोलिसांच्या ‘स्कॅमीटर’ या शोधसुविधेत टाकून बघा. शंका आली की 18222 ही फसवणुकीबद्दलची हेल्पलाइन लावा, पैसे पाठवण्याआधीच. आम्ही लावली ती पैसे गेल्यावर. रोख दिलेल्या रकमेची पावतीसुद्धा आमच्याकडे नव्हती, त्यामुळे पोलिसांत तक्रार नोंदवताना निम्म्या पैशांसाठी फक्त आमचा शब्द होता. अजून काही परत आलेलं नाही.

त्या बाईंनी अर्ज कुठे पाठवायचा ते एका कागदावर लिहून दिलं. परतीच्या विमानाला दोन दिवस होते. कॅमेरा हॉटेलवर ठेवून मी पुन्हा तिथे गेलो आणि मधल्या चौकात ऊन कसं सरकतं ते वहीत वेळेसकट टिपून घेतलं. अर्ज या वेळी मी स्वतः भरलाय.