मुळी टॉनिकच्या नावाखाली माझे २०,४०० रुपये गेले

शिरोळकडच्या काळ्या रानात फेब्रुवारीत मी डॉगरिजची, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम भरतात त्या खुंटाची, ६०० रोपं लावली. पिशव्या फाडताना मातीचे गोळे फुटले, मुळ्या तुटल्या आणि चार दिवसांत शेंड्यांनी माना टाकल्या. ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरायचं तर तोवर खुंट जाड व्हायलाच हवा. अशा वेळी कोण घाबरणार नाही?

नेमका तेव्हाच मुळी टॉनिक विकणारा एक जण बांधावर आला. रोपं मी कुठून आणली हेही त्याला ठाऊक होतं. "दादा, आठ दिवसांत पांढरी, म्हणजे नवी मुळी नाही दिसली तर पैसे परत." पाच लिटरचा कॅन ४,०८० रुपये, असे पाच. ५,००० फोनवरून दिले, १५,४०० रोख. बिल "मागनं पाठवतो" म्हणाला. बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका!

पहिला कॅन उघडला तेव्हा वास आला, सरळ मळीचा. माझं बालपण गुऱ्हाळावर गेलंय, काहिलीवरच्या मळीचा वास मी झोपेतही ओळखीन. ओळखला होताच. विचारलं तर म्हणाला, "जिवाणू जगायला गूळ लागतोच की." जीवामृतात आपणही गूळ घालतो, म्हणून पटलं. तिथंच हात आखडायला हवा होता. डब्यावर बॅच नंबर नव्हता, तारीख नव्हती, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. २०२१ पासून अशी टॉनिकं, म्हणजे जैव उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. कोरा डबा दिसला की माणसाला बांधावरूनच परत पाठवा.

त्यानं सांगितलं तसं रोज भरपूर पाण्यातून आळवणी केली, म्हणजे औषध मुळाशी ओतलं. वाफसा गेला, म्हणजे मातीत हवा राहिली नाही, मुळ्या कुजल्या, १४० रोपं मेली. खरं तर मुळ्या तुटलेल्या रोपाला दोन-तीन डोळ्यांवर छाटायचं, सावली करायची, पाणी बेतानं द्यायचं आणि नवी फूट येईपर्यंत खताला हात लावायचा नाही. उरलेली रोपं मी अशीच वाचवली, फुकटात.

तक्रारीला गेलो तर एका कचेरीत म्हणाले, बिल आणा. बिल असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? दुसरीकडं म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर, तेही तीन वेळा. फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी नवव्या दिवशी केला.

पाचवा कॅन मी फोडलेला नाही. नमुना म्हणून घेऊन फिरतोय, पण बिलाशिवाय कुणी हातात घेत नाही.