लोकल कॅन बिअर परवडते का? परवडते, पण आधी कॅन उलटा करून तारीख बघा

साधारण वर्ष झालं, आमच्या घरी शनिवारी मोठ्या कंपनीची बिअर येणं जवळजवळ बंद झालंय, तिच्या जागी पुण्यातल्या छोट्या ब्रुअरींची कॅनमधली बिअर येते. मी आणि नवरा मिळून दोन कॅन, पाहुणे असले तर चार. आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, एवढे जास्त पैसे कशाला देता, शेवटी बिअरच ना? तर एकदा नीट सगळा हिशोब मांडते, कारण मला खरंच वाटतं की ही बिअर पैसे वसूल आहे, पण प्रत्येक कॅन नाही आणि प्रत्येक दुकानातला तर अजिबात नाही.

आधी पैशाचं बोलू. मी नेहमी १०० मिलीमागे किती पडले ते बघते, कारण कोणी ३३० चा कॅन देतं, कोणी ५०० चा, बाटली ६५० ची, नुसती एमआरपी बघून काही कळत नाही. आमच्या इथल्या बिअर शॉपीत गेल्या खेपेला मोठ्या कंपनीचा ५०० चा टिन १५० ला होता म्हणजे १०० मिलीला ३०, लोकल व्हीट बिअरचा (गव्हाच्या बिअरचा) ५०० चा कॅन २२० ला म्हणजे ४४. तुमच्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण तसलीच व्हीट बिअर पबमध्ये बसून प्यायली तेव्हा ३३० मिलीचा ग्लास ३५० ला होता, त्याच्यावर १० टक्के व्हॅट (नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधला हा व्हॅट ५ चा १० झाला), म्हणजे ३८५, १०० मिलीला ११६ च्या पुढे! म्हणजे लोकल कॅन टिनापेक्षा दीडपट महाग आहे हे खरं, पण पबपेक्षा निम्म्याहून स्वस्त आहे, आणि माझ्या मते त्याची तुलना पबशीच व्हायला पाहिजे, कारण आत जे आहे ते पबमधलं आहे.

आता काहीजण म्हणतील की स्ट्राँगची बाटली घेतली तर किती काम होतं बघ. बरोबर आहे, ६५० मिली ८ टक्क्यांची म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, आणि ५०० मिली ५ टक्क्यांची म्हणजे २५. रुपयाला किती चढते हाच हिशोब असेल तर स्ट्राँगच जिंकणार, लोकल कॅन घेऊच नका. मला चव पाहिजे असते, मी दोन तास एक कॅन पुरवते.

महाग का हेही समजून घ्या. महाराष्ट्रात हे छोट्या ब्रुअरींचं सगळं २००९ मध्ये पुण्यात डूलाली या ब्रुअरीपासून सुरू झालं, २०१४ ला मुंढव्यात इंडिपेंडन्स ही दुसरी आली, मग एकेक वाढत गेले. हे लोक छोट्या टाकीत बनवतात, मोठ्या कंपनीसारखे लाखो लिटर नाहीत, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) जवळजवळ सगळे बाहेरच्या देशातून येतात (आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडे होतात तेवढेच), त्यात कॅन भरायचं मशीन, रिकामे कॅन, एक्साईज, आणि सगळ्यात खर्चिक म्हणजे थंड गाडीतून दुकानापर्यंत पोचवणं. एवढं सगळं करून १०० मिलीला १४ रुपये जास्त हे मला अन्याय वाटत नाही.

चवीचं बोलायचं तर पहिला नंबर व्हीट बिअरचा. चांगल्या व्हीट बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, लोकांना वाटतं वरून इसेन्स घातलाय पण तसं नसतं, तो वास यीस्टच तयार करतं. कॅनच्या तळाला थोडा गाळ बसलेला असतो तो टाकू नका, पाऊण ग्लास ओतून झालं की कॅन हलकेच फिरवून उरलेलं ओता, चव त्याच्यातच आहे. आणि हात जोडून सांगते, कॅनला तोंड लावून पिऊ नका, ग्लासात ओता, नाहीतर नाकाला काही मिळत नाही आणि तुम्ही ज्या वासाचे पैसे दिले तोच वाया गेला. फ्रीजमधून काढल्यावर ५-१० मिनिटं थांबलात तर अजून चांगलं, फार गार असली की जीभ बधिर होते.

दुसरी माझी अगदी लाडकी म्हणजे पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीची सॉल्टेड कोकम एल. जर्मनीत लायपझिगकडे गोझे म्हणून आंबट-खारट बिअरचा जुना प्रकार आहे, त्यात मीठ आणि धणे घालतात, पण माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला ही प्यायल्यावर लायपझिग नाही आठवत, उन्हाळ्यात आजी मीठ घालून द्यायची ते कोकमाचं आगळ आठवतं. सुरमईच्या तुकडीबरोबर किंवा नुसत्या तळलेल्या बोंबलाबरोबर घेऊन बघा. आंबटपणा तेल कापतो आणि मीठ तोंडाला पाणी सुटवतं, चकण्याला वेगळं खारं काही लागतच नाही. अशी बिअर मोठी कंपनी तुम्हाला आमच्या शॉपीत कुठल्याही किमतीला देत नाही, मग ती महाग म्हणायची तरी कशाच्या तुलनेत?

याच कारणाने लोकल लागरचे कॅन मात्र मी घेत नाही. लागर ही साधी, स्वच्छ, गार प्यायची गोष्ट आहे आणि ती मोठ्या कंपन्या व्यवस्थित बनवतात, मी दोन वेगवेगळ्या ग्लासांत शेजारी शेजारी ठेवून प्यायलेय आणि फरक आहे, पण दीडपट पैशाइतका मला तरी नाही वाटला. आयपीएचं, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेल्या कडसर बिअरचं, मधलं आहे, ताजी असेल तर आंबा, संत्र्याची साल, पेरू असला सुंदर वास, शिळी असेल तर नुसती कडू.

आणि इथेच खरा मुद्दा येतो, ताजेपणा. एप्रिलमध्ये मी एका दुकानातून चार आयपीए घेतल्या, नाव कशाचंच लिहीत नाही, ९०० च्या वर बिल झालं, आणि चारही ओतून द्यावं असं वाटलं. वास काहीच नाही, वरून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. कॅन उलटा केला तर पाच महिने जुना माल, आणि दुकानात खोके कुठे ठेवलेले तर पश्चिमेच्या शटरला लागून, दुपारभर तापत. मी परत जाऊन सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, बिअर आहे ती, दूध थोडंच आहे नासायला." मला खूप वाईट वाटलं, कारण ज्या माणसाने पहिल्यांदाच लोकल म्हणून ती घेतली असेल तो परत कधीच घेणार नाही, आणि दोष बनवणाऱ्याच्या माथी बसणार.

तर दादा, ही बिअर खरंच दुधासारखीच आहे! मोठ्या कंपनीची बिअर गाळून, पाश्चराइज करून येते, ती उन्हाळा बऱ्यापैकी सोसते. छोट्या ब्रुअरींच्या बऱ्याच बिअर पाश्चराइज केलेल्या नसतात, म्हणूनच चव जास्त आणि आयुष्य कमी. कॅनमध्ये उजेड अजिबात शिरत नाही, त्यामुळे हिरव्या बाटलीला उन्हाने जो घाणेरडा वास लागतो तो कॅनला लागत नाही, पण उष्णतेपुढे कॅनचं काही चालत नाही. हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, म्हणून आयपीए मी महिना-दीड महिन्याच्या आतलीच घेते, व्हीट तीन महिन्यांच्या आतली, कोकमवाली थोडी जास्त दिवस सांभाळून घेते असा माझा अनुभव.

आणखी एक, गोव्यात हेच सगळं बरंच स्वस्त मिळतं आणि तिथे एट फिंगर एडी आयपीए वगैरे मस्त आहे, तिथे गेलात की तिथेच प्या, पण डिकीत भरून आणू नका, परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि तापलेल्या डिकीत दहा-बारा तास काढल्यावर त्या आयपीएत राहणार काय. पुण्यात स्वस्तात ताजी पाहिजे असेल तर मायक्रोब्रुअरीतून ग्रोलर (ताजी बिअर घरी न्यायची झाकणाची मोठी बाटली) भरून मिळतो का विचारा, लॉकडाऊनमध्ये २०२० ला ही परवानगी मिळाली होती, लिटरच्या भावात पबपेक्षा चांगलाच फरक पडतो, फक्त एकदा उघडला की त्याच दिवशी संपवावा लागतो, त्यामुळे दोघांना जास्त होतो, चौघांना बरोबर.

मी आता दुकान बदललंय. नवीन दुकान घरापासून लांब आहे पण त्याच्याकडे लोकल कॅन फक्त फ्रीजमध्येच असतात, बाहेर एक खोका नाही, आणि तारीख बघायला कॅन उलटा केला तर तो तोंड वाकडं करत नाही, उलट मागचा नवीन माल काढून देतो. त्याच्याकडे गाडी गुरुवारी येते, म्हणून मी शुक्रवारी ऑफिसातून येताना जाते, कोकमवाली शनिवारपर्यंत उरत नाही.