न भरणारी जखम आणि प्रकाशोपचार: लेझर, घरचं एलईडी पॅनेल की आधी घट्ट पट्टी?

महिना उलटला तरी पायावरची जखम भरत नाही म्हटलं की कुणीतरी लाल प्रकाशाचं यंत्र सुचवतंच. यंत्र घ्यायचं की नाही, क्लिनिकमध्ये लेझर घ्यायचं की घरी पॅनेल लावायचं, हे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचं उत्तर यंत्रापेक्षा जखमेवर जास्त अवलंबून आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: पायावरच्या जुनाट जखमेसाठी प्रकाश हा जोडीचा उपचार आहे, पहिला नव्हे. केमोथेरपीमुळे तोंडात होणाऱ्या फोडांच्या बाबतीत मात्र तो पुढच्या रांगेत बसतो.

प्रकाशाने बरं करणं हे काही कालपरवाचं खूळ नाही. त्वचेच्या क्षयरोगावर एकवटलेला प्रकाश वापरल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं. १९६० च्या दशकात बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर कमी शक्तीचा लेझर टाकला. लेझरमुळे कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाहीच, उलट केस लवकर उगवले. पुढे त्यांनीच तो न भरणाऱ्या व्रणांवर वापरला. साधारण ६०० ते ७०० नॅनोमीटरचा लाल आणि ७८० ते ९५० चा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतो. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तो शोषतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असं यामागचं सर्वात मान्य स्पष्टीकरण आहे.

लेझर की एलईडी

या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासकांच्या मते, प्रकाश लेझरचा की एलईडीचा यापेक्षा तरंगलांबी आणि मात्रा बरोबर असणं महत्त्वाचं. क्लिनिकमधल्या लेझरचा खरा फायदा असा की मात्रा मोजून देणारा माणूस समोर असतो. तोटा म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा खेपा घालाव्या लागतात, प्रकाशाचा ठिपका लहान असल्याने मोठी जखम टप्प्याटप्प्याने झाकावी लागते आणि रुग्णासह खोलीतल्या सगळ्यांना संरक्षक चष्मा लावावाच लागतो. पॅनेल मोठी जागा एकदम उजळतं, डोळ्यांना धोका कमी, आणि घरी केव्हाही लावता येतं.

घरच्या पॅनेलचं घोडं अडतं ते मात्रेवर. हिशेब करून पाहा. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट पडत असतील, तर ८० सेकंदांत ४ ज्यूल ऊर्जा, म्हणजेच मात्रा, मिळते. तेच पॅनेल लांब धरल्यामुळे २० मिलिवॅटच पडले, तर तेवढ्याच मात्रेला २०० सेकंद लागतील. खोक्यावरचा आकडा किती अंतरावर मोजलाय हे लिहिलेलं नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. बरं, जास्त वेळ धरलं म्हणजे जास्त गुण, असंही नाही. ठरावीक मात्रेपलीकडे परिणाम ओसरतो, कधी उलटाही होतो. त्यामुळे ‘रोज अर्धा तास, जितकं जमेल तितकं’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. प्रकाश जखमेवर पडायचा तर ड्रेसिंग काढावं लागतं. चांगलं फोम ड्रेसिंग दोन-तीन दिवस सहज राहतं. पॅनेलसाठी ते रोज उघडलं की जखम थंड पडते, कोरडी होते, आणि चिकटलेल्या पट्टीबरोबर नुकतीच धरलेली नाजूक त्वचाही निघून येते. म्हणून प्रकाशाची वेळ ड्रेसिंग बदलण्याच्या दिवशीच ठेवावी, जास्तीची उघडझाप करू नये.

रंगांची गल्लत होते तीही इथेच. साधारण ४०५ ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश जंतूंमधल्या पॉर्फिरिन द्रव्यांवर काम करून त्यांना मारतो. त्याचं काम लाल प्रकाशापेक्षा वेगळं आहे. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश जंतूंचा डीएनए मोडतो, पण डोळे आणि निरोगी त्वचाही भाजतो. तो घरी नकोच. शेकायचा इन्फ्रारेड दिवा हे आणखी तिसरंच प्रकरण. मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर तो धरला, तर चटका बसलेला कळतही नाही.

दुसऱ्या उपचारांसमोर

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, सूज आणि काळवंडलेली त्वचा यांसह असलेला व्रण बहुधा शिरांच्या बिघाडाचा असतो. त्याला हवा घोट्याशी सुमारे ४० मिमी पारा दाब देणारा घट्ट पट्ट्यांचा उपचार. तो सुरू करण्यापूर्वी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजतात. ते ०.८ पेक्षा कमी आलं तर धमनीचा पुरवठा अपुरा असू शकतो आणि पूर्ण दाब देता येत नाही. ही पट्टी न बांधता दिवा लावणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणं.

मधुमेही माणसाच्या तळव्यावरच्या जखमेला पायावरचा भार काढणं लागतं, शक्यतो गुडघ्यापर्यंतच्या, न काढता येणाऱ्या, प्लास्टरसारख्या साच्याने. त्याशिवाय रक्तपुरवठ्याची तपासणी आणि मृत भाग काढून टाकणंही आलंच. इथे प्रकाशाच्या बाजूने थोडा पुरावा आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ८ चाचण्या आणि ३१६ रुग्ण होते. पूर्ण भरलेल्या जखमांचं प्रमाण प्रकाशाने वाढत असावं असं दिसलं, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. डायबेटिक फूटवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या सूचनांत असे भौतिक उपचार जखम भरण्यासाठी वापरू नयेत असं म्हटलंय. अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या शय्याव्रणांबाबत पुरावा याहून विरळ आहे.

खोल आणि खूप पाझरणाऱ्या जखमेला साधारण १२५ मिमी पारा इतका शोषदाब देणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग जे करतं, ते प्रकाश करू शकत नाही. उच्चदाब प्राणवायूचे उपचार निवडक मधुमेही जखमांसाठी आहेत; तासा-दीड तासाच्या अनेक बैठका लागतात.

तोंडातल्या फोडांचं चित्र मात्र निराळं. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये कर्करोगाच्या उपचारांतल्या तोंडाच्या दाहासाठी हा प्रकाशोपचार वापरायला हिरवा कंदील दाखवला. तुमच्या घरी कुणाची केमोथेरपी किंवा डोक्या-मानेचं रेडिएशन सुरू होणार असेल, तर फोड यायची वाट न पाहता डॉक्टरांना आधीच विचारा.

तरीही करून पाहायचं असेल तर

मूळ कारणावरचा उपचार चालू ठेवा आणि मोजत राहा. दर आठवड्याला त्याच दिवशी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि लांबी गुणिले रुंदी लिहून ठेवा. ४ बाय ३ सेंटिमीटरची जखम म्हणजे १२. मधुमेही पायाच्या जखमेत चार आठवड्यांत हा आकडा ६ च्या आसपास आला नाही, तर ती तीन महिन्यांत भरण्याची शक्यता कमी असते. मग मशीन बदलत बसू नका, निदानच पुन्हा तपासून घ्या.

जखमेच्या जागी कर्करोग असेल किंवा त्याची शंका असेल, तर तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय प्रकाश नको. डॉक्सिसायक्लिनसारखी, त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा. लाली पसरतेय, ताप आलाय, बोट काळं पडतंय, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्लिनिक निवडताना तीन गोष्टी विचारा: तरंगलांबी कोणती, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, आणि किती बैठकांनंतर फरक नाही म्हणून थांबणार. तिसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही, तर तिथे पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.