गूगल स्कॉलर : मेंदूविज्ञानातील संशोधकाची कारकीर्द वाचताना

मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बडोद्यात मार्गदर्शन करताना गूगल स्कॉलर ही शोधनिबंध शोधण्याची सेवा मी जवळजवळ रोज वापरते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींची वर्गणी संस्थेने भरली तरच त्या विद्यार्थ्याच्या हाती येतात. २००४ साली सुरू झालेले स्कॉलर मात्र दांडिया बाजारातल्या घरी बसूनही विनामूल्य उघडते. शोधनिबंधांच्या वाचनासाठी याहून उपयुक्त साधन मला माहीत नाही, आणि म्हणूनच माणसाची योग्यता ठरवायला त्याचा उपयोग होताना पाहून मला मनापासून वाईट वाटते.

आधी त्याचा खरा गुण सांगते. विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा १९५७ चा निबंध घ्या. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग काढल्यानंतर एच. एम. या रुग्णाला नव्या आठवणी साठवता येईनात, हे त्यात नोंदवले आहे. निबंधाखालील ‘साइटेड बाय’ या दुव्यावर गेल्यास त्याचा उल्लेख करणारे पुढचे लेखन समोर येते, आणि त्या यादीपुरताच शोध घेण्याची सोय निवडून ‘झोप’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला की एका शस्त्रक्रियेतून निघालेला प्रश्न झोपेच्या अभ्यासापर्यंत कसा पोहोचला, याचा माग अर्ध्या तासात लागतो. जुन्या निबंधातून मागचे संदर्भ कोणालाही सापडतात. पुढे काय झाले ते दाखवणारी ही सोय माझ्या विद्यार्थिदशेत असती तर किती महिने वाचले असते!

संशोधकाचे वैयक्तिक पान, म्हणजे प्रोफाइल, २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. एकूण उद्धरणे (म्हणजे लेखांचा संदर्भ किती वेळा दिला गेला ती संख्या), वर्षवार आलेख, एच-निर्देशांक आणि किमान दहा उद्धरणे असलेल्या लेखांची संख्या एवढे त्यावर दिसते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली मांडलेल्या एच-निर्देशांकाचा अर्थ सोपा आहे : वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळाली असतील, तर निर्देशांक वीस. लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांचा निर्देशांक दोनशेच्या वर आहे. त्यांचे सैद्धांतिक काम मोठे आहेच. परंतु मेंदूच्या प्रतिमांचे सांख्यिकी विश्लेषण करणारी त्यांची एसपीएम ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते आणि ती वापरणारा प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही. याउलट जॉन ओकीफ यांनी जोनाथन दोस्त्रोव्स्की यांच्यासह १९७१ साली ‘प्लेस सेल्स’वर, म्हणजे प्राणी विशिष्ट जागी असताना सक्रिय होणाऱ्या मेंदूतील पेशींवर, लिहिलेला निबंध जेमतेम पाच पानांचा होता, आणि त्या शोधासाठी ओकीफ यांना नोबेल मिळाले ते २०१४ साली. मधल्या काळातला कोणता आकडा पाहून त्यांची पदोन्नती ठरवायची?

संशोधकाने स्वतःच्याच कामाचे दिलेले संदर्भ स्कॉलर वेगळे काढून दाखवत नाही. स्कोपसमध्ये ती सोय आहे. दर्जाची चाळणीही सैल आहे. ग्रॅनाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१२ साली एका काल्पनिक लेखकाच्या नावे सहा बनावट दस्तऐवज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवले, तेव्हा स्कॉलरने ते खरे मानून त्यांतले संदर्भ मोजले होते.

मला सर्वांत जास्त झळ बसली ती नावाची. माझे सुरुवातीचे निबंध माहेरच्या आडनावाने आहेत आणि पुढचे सासरच्या. प्रोफाइल आपोआप भरले गेले तेव्हा पहिले निबंध आलेच नाहीत, उलट माझेच आद्याक्षर आणि आडनाव असलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे लेख माझ्या खात्यात जमा झाले. जोशी, पाटील, कुलकर्णी यांच्या गर्दीत हे होणारच. एका पदासाठी अर्ज करताना तोच अपुरा आकडा माझ्याकडून मागितला गेला आणि स्पष्टीकरण लिहायला अर्जात रकाना नव्हता. ‘लेख जोडा’ ही सोय वापरून मी नंतर यादी दुरुस्त केली. तिला एक संपूर्ण दुपार लागली, पण काम व्यवस्थित झाले.

आता अर्जासोबत मी तीन निवडक निबंध आणि प्रत्येकातून काय सिद्ध झाले याच्या दोन ओळी, मागितल्या नसल्या तरी, जोडते. माझ्या विद्यार्थिनींना पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच लेखनासाठी एक नाव कायमचे ठरवून त्याच नावाने ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक काढायला सांगते.