ऑकलंडच्या वाऱ्यात वर्षभर फडकलेली बर्जी

आमच्या ३० फुटी शिडाच्या बोटीसाठी गेल्या वर्षी ऑकलंडमधील बावटे शिवणाऱ्या एका दुकानातून दोन वस्तू घेतल्या: डोलकाठीच्या शेंड्यावर लावायची आमच्या यॉट क्लबची त्रिकोणी बर्जी (क्लबची ओळख सांगणारा लहान बावटा) आणि पिछाडीला लावायचा न्यूझीलंडचा लाल एन्साइन (बोट कोणत्या देशाची ते दाखवणारा ध्वज). हौराकी आखातातील ऊन, वारा आणि खारे पाणी वर्षभर सोसल्यानंतर त्यांविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

न्यूझीलंडच्या निळ्या राष्ट्रध्वजावर त्रिशंकू नक्षत्राचे चार तारे पांढऱ्या कडेचे लाल असतात, तर लाल एन्साइनवर तेच तारे निखळ पांढरे असतात. यापूर्वी दुसऱ्या एका विक्रेत्याने मला चक्क ऑस्ट्रेलियाचा लाल एन्साइन पाठवला होता आणि युनियन जॅकखालचा सात टोकांचा मोठा तारा दिसेपर्यंत माझ्याही ते ध्यानात आले नव्हते. या दुकानाचे तारे बिनचूक आहेत, शिवाय ते छापलेले नसून कापून शिवलेले आहेत. सूर्यास्ताला आम्ही एन्साइन उतरवतो, त्यामुळे त्याचा रंग फारसा विटलेला नाही.

बर्जीची परीक्षा अधिक कठीण, कारण आमच्याकडे ती दिवसरात्र वरच असते आणि दोन्ही बाजूंनी ओळखू यावी लागते. बोटीची सूत्रे क्लबच्या सभासदाकडे असतील तरच ती लावावी, असा जुना संकेत आहे. कमोडोरचा, म्हणजे क्लबच्या प्रमुखाचा, बावटा दुभंगलेल्या शेपटीचा असतो. त्याच्या हाताखालच्या व्हाइस कमोडोरच्या बावट्यावर त्यात एका गोलाची भर पडते, तर रिअर कमोडोरच्या बावट्यावर दोन गोल असतात. अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठीही आव्हान देतो तो देश नव्हे, यॉट क्लब. १९९५ मध्ये सॅन डिएगोला तो चषक जिंकला गेला तो १८७१ साली स्थापन झालेल्या रॉयल न्यूझीलंड यॉट स्क्वॉड्रनच्या नावावर. त्यामुळे दुकानदाराने शिवायला घेण्यापूर्वी सभासदत्वाचा पुरावा मागितला, याचे मला कौतुकच वाटले.

कापडाला नाव ठेवायला जागा नाही: दुहेरी टीप शाबूत आहे, फक्त टोकाच्या बोटभर भागात दशा सुटल्या आहेत. सोबत मिळालेली काठी मात्र निकृष्ट निघाली. तिची फिरकी सातव्या महिन्यात गंजून अडकली, बर्जी वाऱ्याबरोबर वळेनाशी झाली आणि शेजारच्या अँटेनाला गुंडाळून बसली. ती सोडवायला डोलकाठीवर चढावे लागले. दुकानाने फिरकी विनामूल्य बदलून दिली, परंतु नवीही त्याच धातूची आहे. पुढची बर्जी येथूनच शिवून घेईन, काठी दुसरीकडून.