ब्राउझर निवडताना आधी त्याच्या अपडेटची चाल बघा

"कोणता ब्राउझर फास्ट आहे?" नाशिकमधल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सरळ उत्तर असं की क्रोम, एज, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स यांच्या वेगातला फरक कॅनडा कॉर्नरच्या सीए ऑफिसात किंवा सीबीएसजवळच्या सेवा केंद्रात बसून आता फारसा कळत नाही. कळतात त्या गोष्टी वेगळ्याच. ब्राउझर किती वेळा बदलतो, बदलला की काय बंद पडतं, आणि तो बदल कधी घ्यायचा हे तुमच्या हातात कितपत राहतं. महिन्याची २० तारीख आहे, जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची मुदत संपत आली आहे, डीएससीचं (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं) पेनड्राइव्हसारखं टोकन लावलेलं आहे आणि तरी पोर्टलवर सही होत नाही. अशा वेळी वेगाचा काही उपयोग नसतो. म्हणून ही तुलना मी अपडेटच्या बाजूने करतो आहे.

इतकी अपडेट येतात तरी कशाला?

फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला. तेव्हा मोठी आवृत्ती वर्ष-दीड वर्षाने यायची. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याने न विचारता, मागच्या मागे अपडेट होण्याची पद्धत रुळवली. मग बाकीच्यांनाही धावावं लागलं. फायरफॉक्सची चौथी आवृत्ती मार्च २०११ मध्ये आली आणि त्याच डिसेंबरात नववी. एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल तो आकडा त्या काळी एक्स्टेंशनमध्येच लिहिलेला असे. त्यामुळे ब्राउझरचा आकडा पुढे सरकला की धडधाकट एक्स्टेंशनही बंद पडायचं. तेव्हा लोक चिडले ते उगाच नव्हे. पुढे फायरफॉक्स २०२० मध्ये आणि क्रोम २०२१ मध्ये चार आठवड्यांच्या चक्रावर आले.

नव्या सोयींसाठी एवढी घाई लागत नाही, हे मला मान्य आहे. सुरक्षेसाठी मात्र लागते. क्रोम ज्या क्रोमियम नावाच्या पायावर उभा आहे त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. एखादी दुरुस्ती त्यात जमा झाली की जगाला दिसते, पण तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. मधल्या दिवसांत तीच दुरुस्ती वाचून भोक कुठे होतं हे हल्ला करणाऱ्याला कळू शकतं. हा अवधी कमी व्हावा म्हणून ऑगस्ट २०२३ पासून क्रोम दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मधे दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती पाठवू लागला. क्रोमियमच्याच लोकांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांतून येतात. लाखो ओळींच्या जुन्या कोडमधल्या या चुका एका वर्षात संपणाऱ्या नाहीत. त्यामुळे "अपडेट बंदच करून द्या" अशी मागणी आली तर मी ती मान्य करत नाही. ज्या ब्राउझरमध्ये बँकेचं लॉगिन होतं, त्यात तर कधीच नाही.

पण अपडेटमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात: दुरुस्ती आणि बदल. दुरुस्ती ताबडतोब हवी. बदल आपल्या सोयीने आला तर बरं. या दोन गोष्टी कोणता ब्राउझर वेगळ्या करून देतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

क्रोम

सरकारी पोर्टल, बँका, महाडीबीटीसारखे अर्ज हे सगळं बनवणारे आधी क्रोमवर तपासतात. म्हणून सेवा केंद्रात, जिथे दिवसभर वेगवेगळ्या साइट उघडाव्या लागतात, तिथे क्रोम असायलाच हवा. अपडेट मागे उतरतं आणि ब्राउझर बंद करून उघडला की लागू होतं. ते थांबलेलं असेल तर उजव्या कोपऱ्यात सूचना येते. रीस्टार्टनंतर टॅब परत येतात, पण अर्धवट भरलेला फॉर्म परत येईलच असं नाही आणि इनकॉग्निटो खिडक्या तर येतच नाहीत. ग्राहक समोर बसलेला असताना ते बटण दाबू नका.

दुरुस्ती आणि बदल क्रोममध्ये एकाच पुडीत येतात. कंपन्यांसाठी आठ आठवड्यांची संथ चाल आहे, पण त्यासाठी कॉम्प्युटर कंपनीच्या नियंत्रणाखाली असावे लागतात. चार टेबलांच्या ऑफिसला तिचा उपयोग नाही.

बदल किती खोलवर लागू शकतो याची दोन उदाहरणं देतो. सप्टेंबर २०१५ मध्ये आवृत्ती ४५ बरोबर क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरमध्ये जावासारखं काही चालवणारे जोड, पूर्ण बंद केले. जावावर चालणाऱ्या डिजिटल सहीच्या साइट त्या दिवसापासून क्रोममध्ये चालेनात आणि कितीतरी ऑफिसं इंटरनेट एक्स्प्लोररला धरून राहिली. दुसरं उदाहरण ताजं आहे. २०२५ च्या शेवटाकडे क्रोमने आणखी एक नियम आणला. एखाद्या साइटला तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामशी किंवा घरच्या नेटवर्कवरच्या यंत्राशी बोलायचं असेल, तर आधी परवानगी विचारली जाते. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण घाईत कुणी "ब्लॉक" दाबलं की त्या साइटचं काम अडतं आणि कारण कुणालाच उमगत नाही. तसं झालं तर पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करून त्या साइटच्या परवानग्या तपासा.

जाहिराती अडवण्याच्या बाबतीत क्रोम मागे पडला आहे. एक्स्टेंशनचे नियम बदलल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन त्यात आता चालत नाही, त्याची हलकी आवृत्ती चालते.

एज

विंडोजबरोबर आपोआप येतो म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. तसं करू नये. जानेवारी २०२० पासून एजही क्रोमियमवर आहे, त्यामुळे क्रोममध्ये चालणारी जवळजवळ प्रत्येक साइट त्यात चालते. आणि त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी तिघांकडे नाही, ती म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर मोड: जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसाठी बनवलेली पानं एजमध्येच उघडण्याची सोय. मूळ इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधार जून २०२२ मध्ये संपला, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारे जुने डीव्हीआर अजून भिंतीवर आहेत आणि त्यांचं पान दुसरीकडे उघडत नाही. एजच्या सेटिंगमध्ये हा मोड सुरू करून तो पत्ता यादीत घाला. यादीतली नोंद ३० दिवसांनी संपते, मग पुन्हा घालावी लागते. कॅमेरे महिन्याभराने "अचानक" दिसेनासे होतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

एजचा त्रास वेगळा आहे. अपडेटनंतर तो शिफारशी पुढे करतो: बाजूची पट्टी, बातम्या, खरेदीची कूपनं. एकदा बसून हे सगळं बंद करावं लागतं, आणि मोठ्या अपडेटनंतर पुन्हा एक नजर टाकावी लागते. कामाच्या टेबलावर हे नको वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे.

ब्रेव्ह

घरी बातम्या आणि व्हिडिओ बघणाऱ्याला मी ब्रेव्ह आनंदाने सुचवतो. जाहिराती अडवण्याची सोय ब्राउझरच्या आतच असल्याने क्रोमच्या एक्स्टेंशनचे नियम बदलले तरी तिला धक्का लागला नाही. क्रिप्टो वॉलेट आणि बक्षिसांचा भाग मात्र सुरुवातीलाच बंद करा. सरकारी किंवा पैसे भरायच्या पानावर काही अडकलं तर सिंहाच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटपुरतं कवच, म्हणजे ही अडवण्याची सोय, खाली घ्यावं लागतं. ऑफिसात नवख्या माणसाला हे प्रत्येक वेळी समजावणं जमत नाही, म्हणून तिथे मी तो बसवत नाही.

ऑपेरा, विवाल्डी आणि झोहोचा उला हेही क्रोमियमवरचेच. आवडत असतील तर वापरा. या तुलनेत त्यांच्यामुळे वेगळं काही होत नाही.

फायरफॉक्स, आणि त्याची संथ आवृत्ती

इथे मी जरा थांबणार आहे, कारण दुरुस्ती आणि बदल वेगळे करून देणारी सोय छोट्या ऑफिसाला फुकट मिळते ती इथेच. २०११ च्या नाराजीनंतर मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये, आवृत्ती १० बरोबर, ईएसआर नावाची शाखा काढली. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला नेहमीच्या फायरफॉक्सबरोबरच मिळतात, पण नव्या सोयी आणि रूपातले बदल साधारण वर्षातून एकदाच येतात. जुलै २०२३ मध्ये ११५, जुलै २०२४ मध्ये १२८, जून २०२५ मध्ये १४० अशी तिची चाल आहे. नवी ईएसआर आली तरी जुनी लगेच सोडावी लागत नाही, काही आठवडे दोन्ही चालू असतात. एप्रिल-मेमध्ये हिशेब, जुलैत रिटर्न, द्राक्षांच्या हंगामात निर्यातीची कागदपत्रं अशा चक्रात अडकलेल्या ऑफिसाला हा अवधी फार मोलाचा आहे. पिंपळगाव बसवंतच्या निर्यातदाराने जानेवारी ते एप्रिलमध्ये कोणताही मोठा बदल अंगावर घेऊ नये. तपासणी पावसाळ्यात करावी.

ही आवृत्ती फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असा समज दिसतो. तसं नाही. मोझिलाच्या साइटवरून कुणीही ती उतरवू शकतं. साध्या फायरफॉक्समध्येही सेटिंगमध्ये "अपडेट शोध, पण बसवायचं मी ठरवेन" असा पर्याय आहे. क्रोममध्ये इतकी सरळ सोय नाही.

आता दुसरी बाजू. काही पोर्टल फायरफॉक्स बघून "क्रोम वापरा" म्हणतात. कशावर विश्वास ठेवायचा हे ठरवणाऱ्या प्रमाणपत्रांची फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवतो, म्हणून सही करणाऱ्या प्रोग्रामचं स्थानिक प्रमाणपत्र कधी कधी वेगळं मान्य करावं लागतं. शिवाय मोझिलानेही वापरणाऱ्यांना धक्के दिलेले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ५७ ने जुनी एक्स्टेंशन सरसकट निकालात काढली. ४ मे २०१९ ला मोझिलाच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या लोकांची एक्स्टेंशन एकदम बंद पडली. यूब्लॉक ओरिजिन मात्र इथे अजून पूर्ण ताकदीने चालतं, आणि अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा.

जोडी कशी निवडावी

एकाच ब्राउझरवर ऑफिस ठेवू नका. पण जोडी करताना क्रोम आणि ब्रेव्ह, किंवा क्रोम आणि एज, अशी केली तर पाया एकच राहतो. क्रोमियममधला बदल आज एकात आला तर थोड्याच दिवसांत दुसऱ्यातही येतो. आधार हवा असेल तर तो वेगळ्या पायाचा हवा.

सीए, वकील, कर सल्लागार: पोर्टलसाठी क्रोम, सोबत फायरफॉक्स ईएसआर. मुदतीच्या चार-पाच दिवस आधी दोन्हींत एकदा डीएससीची सही करून बघा. मुदतीच्या दिवशी ब्राउझर, टोकनचं ड्रायव्हर, सही करणारा प्रोग्राम यातलं काहीही नवं बसवू नका. क्रोमचं थांबलेलं अपडेट आदल्या संध्याकाळी, काम संपल्यावर, स्वतः रीस्टार्ट करून घ्या.

सेवा केंद्र: क्रोम आणि एज दोन्ही, कारण इथे जास्तीत जास्त साइट चालणं महत्त्वाचं, आणि जमल्यास तिसरा फायरफॉक्स. ग्राहकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवायची सोय आधी बंद करा.

मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी, घरून शिकणारे: फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह, जो आवडेल तो. परीक्षेचा अर्ज भरण्यापुरता क्रोम हाताशी असू द्या. फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ते कनेक्शन "मीटर्ड" करून ठेवा. त्याने निदान विंडोजची मोठी अपडेट तुमचा दिवसाचा डेटा खाणार नाहीत.

एक्स्टेंशन कमी ठेवा, हे सगळ्यांनाच लागू. अपडेटनंतर काही बिघडलं की मी आधी एक्स्टेंशन बंद करून बघतो. आणि जुनी आवृत्ती परत बसवून सुटका होईल असं समजू नका. नव्या आवृत्तीने लिहिलेलं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग यांचा साठा) जुनीला नीट वाचता येत नाही. फायरफॉक्स तर मे २०१९ पासून अशा वेळी नवं कोरं प्रोफाइल उघडतो आणि बुकमार्क गेले असं वाटून माणूस घाबरतो. बुकमार्क आधीच फाइलमध्ये काढून ठेवा.

जुना कॉम्प्युटर असेल तर

विंडोज ७ वर क्रोम आणि एज दोघेही आवृत्ती १०९ वर, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीलाच थांबले. फायरफॉक्सची ११५ ईएसआर मात्र त्यावर पुढेही दुरुस्त्या घेत राहिली. ठरलेली मुदत संपल्यावर मोझिलाने ती वाढवलीही. पण त्या ब्राउझरखालची विंडोज स्वतःच उघडी पडलेली आहे, तेव्हा अशा कॉम्प्युटरवर बँक किंवा जीएसटी उघडू नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ब्राउझर त्यावर अजून चालतात. एजची अपडेट विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. विंडोज ११ न पेलणाऱ्या चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर मी बहुतेकदा विंडोजऐवजी लिनक्स बसवतो. लिनक्सचा डेबियन हा प्रकार निवडला तर फायरफॉक्स ईएसआर त्यात आधीच असतो. मात्र बसवण्यापूर्वी तुमच्या डीएससी टोकनचं लिनक्सचं ड्रायव्हर मिळतं का, ते टोकन देणाऱ्याला विचारा. मिळत नसेल तर सहीचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा.