सांगली पासिंगची जुनी गाडी घेताय? आधी हेडलाइट उघडून बघा

सातारा, कराड, कोरेगाव भागात जुनी मोटारसायकल घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. समोर एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगची, 'सिंगल हँड, कमी चाललेली' गाडी उभी केली असेल तर जरूर वाचा. मला विकलेल्या गाडीचा एकही कागद खोटा नव्हता. मीटर मागे फिरवलेला नव्हता, चेसिस नंबर जुळत होता, आरसीवर कर्जाचा बोजा नव्हता, चलन थकलेलं नव्हतं. जुनी गाडी घेताना जे जे बघा म्हणून सगळे सांगतात ते सगळं बघून झालं होतं. तरीही फसवणूक झालीच.

माझं रोजचं जाणंयेणं सातारा ते शिरवळ. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाटाचा चढ. आधी क्रूझर मोटारसायकल होती. रुंद सीट, उंच हँडल, पाय सैल सोडून बसायचं. कमरेत गॅप आहे, त्यामुळे ती बैठक मला मानवली होती. पण गाडीचा भरवसा नाही. कधी सेल्फ गप्प, कधी क्लच प्लेट, कधी ऑइलची गळती, आणि पुण्याहून पार्ट येईपर्यंत मी एसटीच्या रांगेत. कंपनीचं नाव घेत नाही, त्या गाडीवर जीव टाकणारी माणसं घरोघरी आहेत आणि मला भांडण नको.

तर मला हवी होती न थांबणारी गाडी, पण कमरेला त्रास न देणारी. या दोन अटी एकत्र आल्या की आपल्याकडे दहातले निम्मे लोक होंडाच्या युनिकॉर्नचं नाव घेतात. २००४ पासून ती रस्त्यावर आहे. मागे एकच शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे मोनोशॉक, सरळ बसायची ठेवण, इंजिन शांत. गावोगावच्या मेस्त्रींच्या हातातली गाडी, पार्ट कुठेही मिळतो. धुराच्या नव्या नियमातली, म्हणजे बीएस-६ गाडी ऑनरोड लाखाच्या वर जात होती. म्हणून आधीच्या बीएस-४ मधली, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली शोधायची ठरवलं. निवड चुकीची नव्हती, आजही त्या मॉडेलबद्दल माझी तक्रार नाही. पण मॉडेल भरवशाचं आणि समोरची गाडी भरवशाची, यात फार अंतर आहे, आणि जुन्या गाड्यांचा धंदा त्याच अंतरावर चालतो.

साताऱ्यातल्या एका कन्सल्टिंगवाल्याकडे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. २०२१ चा डिसेंबर होता. असा माणूस आधी गाडी दाखवत नाही, आधी तुम्हाला बोलतं करतो. जुनी का काढताय, रोज किती फिरता, मागे कोण बसतं. चहा येईपर्यंत त्याला माझी कंबरही कळली होती आणि शिरवळही. मग पोराला आतली गाडी बाहेर काढायला सांगितली.

"सर, तुमच्यासाठीच आलीय म्हणा की. सांगलीच्या मास्तरांची हाय. घर ते शाळा, शाळा ते घर. बसून तर बघा, कमरेला कळणार बी नाही."

२०१८ ची काळी युनिकॉर्न. सीट नवंकोरं, मऊ फोमचं. हँडलच्या मुठी नव्या, पायाखालचे रबर नवे, सगळीकडे पॉलिश. ट्रायलला त्यानं मला वाढे फाट्याच्या बाजूला पाठवलं. गुळगुळीत रस्ता, गाडी छान पळाली. माझ्याबरोबर आमचा नेहमीचा मेस्त्री होता. त्यानं इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला, ऑइल काडीला लावून बघितलं, चेन ओढून बघितली, पास केली. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला, सगळं स्वच्छ. ६१ हजार सांगितले, ५८ ला तुटलं. पावती साध्या पॅडवर, खाली एक ओळ: 'गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली.' ही ओळ सगळेच लिहितात, म्हणून कोणी वाचत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे खरंच मजेत गेले. मग आधी बिघडला तो आरामच. पुढचा शॉकॲब्सॉर्बर खड्ड्यात टकटक करू लागला, ऑइल सील फुटून नळीवर ओघळ आला. सील बदललं, पुन्हा फुटलं. मागून स्पीडब्रेकरला करकर. हँडल सरळ रेषेत आलं की जरासं अडकायचं, हायवेवर गाडी एका ओढीनं चालल्यासारखी वाटायची. कंबर पुन्हा बोलू लागली. मग वायरिंग सुरू झालं. इंडिकेटर लावला की हॉर्न बारीक, मध्येच न्यूट्रलचा दिवा गुल, सकाळी सेल्फ नुसता टिकटिक. आणि एका संध्याकाळी खंबाटकी चढताना, मागे ट्रकांची रांग असताना, इंजिन बंद. किक मारून मारून पाय दुखले. शेवटी एका पिकअपमध्ये टाकून आणली.

मेस्त्रीनं या वेळी गाडी उघडली. टाकी काढली, सीटखालचं उघडलं, हेडलाइट सोडवला. हेडलाइटच्या वाटीत, वायरींच्या गुंत्यामागे, बोटानं खरवडता येईल असा बारीक मातीचा थर.

"सर, ही गाडी पाण्यात गेलेली हाय."

"पावसात सगळ्याच जातात."

"पावसात न्हवं. बुडालीय. उभीच्या उभी."

मग एकेक निघत गेलं. वायरींचे कपलर सोडवले तर आत तांब्यावर हिरवा गंज. चेसिसच्या पाइपला खालच्या तोंडाशी गाळ. मागच्या ड्रममध्ये, कडेकडेनं तोच गाळ. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याची बुशिंग गंजून धरलेली, म्हणून मोनोशॉक असून नसल्यासारखा. टाकीत टॉर्च मारला तर तळाला गंजाचे पापुद्रे. तेच सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकायचे आणि चढावर पेट्रोल कमी पडायचं. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधलं ऑइल काढलं तर गाळ मिसळून ते चहासारखं झालेलं. वाळूचे कण सतत घासत होते, सील टिकणार कसं?

इथंच या धंद्याची मेख आहे. बुडालेल्या गाडीचं इंजिन ऑइल लगेच बदलतात, दोनतीनदा फ्लश करतात, कार्ब्युरेटर धुतात, बॅटरी नवी टाकतात. एवढ्यावर गाडी सुरू होते आणि चालतेही. फोर्कचं म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं ऑइल, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग), बाकीच्या बेअरिंगा, वायरिंग यांना हात लावायला मजुरी लागते, म्हणून ते तसंच राहतं. गंज हळू काम करतो, तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते. आणि सीट नवं का होतं तेही कळलं. फोममध्ये गाळाचं पाणी शिरलं की वास जात नाही. माझ्या कमरेचं नाव घेऊन जे मऊ सीट मला दाखवलं, ते मुळात पुराचा वास घालवायला बसवलेलं होतं.

मेस्त्रीलाही बोल लावता येत नाही. आपले लोक झीज तपासतात: पिस्टन, क्लच, चेन, टायर. गाडी बुडाली होती का, हा प्रश्न साताऱ्याच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. सांगलीच्या माणसाच्या येतो. तिथं कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. पाणी आमच्याकडून खाली त्यांच्याकडे गेलं, आणि गाड्या त्यांच्याकडून वर आमच्याकडे आल्या. सांगली-मिरजेत तसली गाडी कोण घेणार? तिथला पोरगाही आधी हेडलाइटच सोडवायला लावेल.

आरसीवर जुन्या मालकाचा पत्ता सांगलीवाडीचा होता. गेलो. घर सापडलं, माणूस भेटला, आणि ते खरोखर शिक्षक निघाले. गाडी खरोखर घर ते शाळाच चालली होती. कन्सल्टिंगवाला एक शब्द खोटं बोलला नव्हता.

गुरुजी म्हणाले, "पाणी वाढायला लागलं तेव्हा आईला काढायचं, म्हशी काढायच्या, का गाडी? राहिली तशीच अंगणात. पाणी उतरल्यावर दिसली." विमा फक्त थर्ड पार्टीचा. पुराचं नुकसान त्यात मिळत नाही, त्यासाठी सर्वंकष पॉलिसी लागते. त्यामुळे क्लेमच झाला नाही, आणि क्लेम नाही म्हणून विमा कंपनीकडे नोंदही नाही. पूर ओसरल्यावर गल्लीत गाड्या घ्यायला माणसं फिरत होती. त्यातल्या एकाला गुरुजींनी बुडालेली म्हणून स्पष्ट सांगून ९ हजाराला दिली. "भंगारात तोडणार" असं तो म्हणाला, आणि जाताना टीटी फॉर्मवर (मालकी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर) सह्या व आधारची झेरॉक्स घेऊन गेला. भंगारात तोडायच्या गाडीला टीटी फॉर्म कशाला, हे तेव्हा घरात चिखल उपसणाऱ्या माणसाला कुठून सुचणार?

पूरग्रस्त भागातल्या विकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. कोऱ्या सह्यांचे फॉर्म हातोहात फिरतात, आणि आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच. मधल्या काळात कोणी ती ठोकली तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक सुटत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गुरुजींना हे सांगितल्यावर त्यांचा चेहराच उतरला. घडलेलं सगळं त्यांनी मला एका कागदावर लिहून, सही करून दिलं. त्या कागदाचाच पुढे उपयोग झाला.

कन्सल्टिंगवाल्याकडे परत गेलो तर तो शांत होता. "पुराचं तुम्ही कुठं विचारलंत सर? मी तर काय बी खोटं बोललो न्हाई." मग पावतीवरची ती ओळ दाखवली. वकिलाची नोटीस गेल्यावर सूर बदलला. गाडी परत घेतो, २० हजार देतो म्हणाला. मी विचारलं, घेऊन काय करणार? सहज बोलून गेला, "फलटणकडं गिऱ्हाईक हाय की." त्या क्षणी गाडी परत द्यायची नाही हे माझं ठरलं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकिलाशिवायही तक्रार देता येते. 'आहे त्या स्थितीत' लिहिलं म्हणजे माहीत असलेला दोष लपवायची मुभा मिळते असं नाही, हा आमचा मुद्दा होता. पण सगळा जोर गुरुजींच्या कागदावर, मेस्त्रीनं काढलेल्या फोटोंवर आणि पैसे फोनवरून पाठवल्याच्या नोंदीवर होता. रोख दिले असते तर ५८ हजारांचा पुरावाच नव्हता. सुनावणी पुढे सरकायच्या आत त्यानं ३० हजारांवर तडजोड केली. मी घेतली. पूर्ण रक्कम मिळाली नाही म्हणून काही जण मला नावं ठेवतात, ठेवोत.

दुकानात उभ्या उभ्या, पान्याशिवाय काय बघता येतं ते सांगतो. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकलं तर कोनसेट गेलाय, कारण विचारा. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च तळाशी मारा. सीट काढायला लावा, फ्यूजची डबी उघडा, टूलकिट बाहेर काढा. टूलकिट कोणी बदलत नाही, पाने गंजलेले असतील तर पाणी तिथवर आलं होतं. मीटरच्या काचेत आतून धुकं बघा. हेडलाइटचे स्क्रू सोडवायला सांगा. यावर दुकानदार कुरकुरला तर तेवढ्यावरच उठा. ट्रायल खराब रस्त्यावर घ्या, मागे माणूस बसवून. जुन्या मालकाशी फोनवर बोलणं करून द्या म्हणा, आणि "गाडी पुरात बुडालेली नाही" एवढं वाक्य पावतीवर लिहून मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचा नियम आलाय, तेही बघायला मागा. पुष्कळांकडे ते नसतं.

गाडीची चाकं, चेन सेट आणि नवं सीट मेस्त्रीनं ठेवून घेतलं. ते सीट आता त्याच्या स्वतःच्या गाडीवर आहे आणि ते झकास आहे असं तो म्हणतो. उरलेल्या सांगाड्याची नोंदणी आरटीओत अर्ज देऊन रद्द करून घेतली, म्हणजे तो नंबर घेऊन ती फलटणला किंवा आणखी कुठं उभी राहणार नाही.